मानस

चोडणच्या बांधावर बाबांची मानस होती.
बाबांची म्हणजे कूळ संघाची,
लिलावात वर्षापुरती घेतलेली.
चिखलात उभी लाकडी दारं,
भरतीच्या दाबानं आपसूक मिटणारी,
ओहोटी लागली की आपसूक उघडणारी.
बाबा रात्री कंदील आणि जाळं घेऊन बसत.
काय आत आलं, काय बाहेर गेलं,
याची वही त्यांच्याकडे कुणी मागितली नाही.

मी 'बांधार' राखते.
रायबंदरला झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
भाड्याचा सर्व्हर, दोन हजार सातशे माणसं.
लिहितात ती. मी नुसतं दार.
सिप्रियान मेलेल्या शेवट्यांचे फोटो टाकतो.
कुणी सर्वे नंबर टाकतं:
नकाशावर हिरवी होती ती जमीन
पिवळी कधी झाली?
कुणी फेरीबोट चुकल्याचा राग
शेजाऱ्यावर काढतं.
आणि शिव्या. खूप शिव्या.

नवा मसुदा वकील लवंद्यांनी वाचून दाखवला,
चष्मा कपाळावर, बोट ओळीवर.
"दुसऱ्यानं लिहिलेलं आजवर त्याचं होतं.
यापुढे ते तुझंही."
खरं असलं तर?
"खरं आहे हे कोर्टात सांगायला कोण येणार?
सिप्रियान? तो तोवर बहारीनच्या बोटीवर.
नोटीस तुझ्या पत्त्यावर."

कायदा कुणा दुष्टानं आणला असं मी म्हणणार नाही.
उज्वलाच्या मुलीचा फोटो, जोडलेला, खोटा,
एका मोठ्या कंपनीच्या भिंतीवर नऊ दिवस होता.
नऊ दिवस पोरगी धड जेवली नाही.
नऊ दिवस कंपनी कळवत होती
की आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते.
तेव्हा मीही ओरडले होते, कायदा हवा.

आता तो फोटो तासाभरात जाईल.
आणि त्याच तासात जाईल उज्वलानं लिहिलेलं,
माझ्या मुलीचा हा फोटो कुणी बनवला?
यंत्राला दोन्हीकडे तीच मुलगी दिसते.

लवंदे म्हणाले, गाळणी बसवून घे, मोठे बसवतात.
बसवली एक, फुकटातली.
तिला कोकणी येत नाही, मराठी अर्धीमुर्धी.
'बांध फोडला' म्हटलं की तिला हिंसा दिसते.
'बोंब मारली तरी कोण ऐकत नाही'
यात तिनं बॉम्ब वाचला.

मग काल रात्री मी स्वतःच बसले.
आधी सर्वे नंबर काढले.
मग बिल्डरचं नाव. मग नुसती आद्याक्षरं.
मग शेवट्यांचे फोटो,
कारण मागे कारखान्याची पाटी दिसत होती,
अर्धीच, पण दिसत होती.
शिव्या राहिल्या.
शिव्यांसाठी कुणी वकील पाठवत नाही.

पहाटे सिप्रियानचा मेसेज:
बाय, म्हजें नुस्तें खंय गेलें?
मी लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं.

रविवारी फेरीनं घरी गेले. बाबांना सांगितलं,
सगळं नाही, त्यांना दार कळतं तेवढंच.
म्हणाले, एका साली मानशीतून मगर आत आली.
गोंयदूचं रेडकू नेलं.
गाव जमला, मशाली घेऊन शोधली,
चार रात्री लागल्या.
"मग दार कायमचं बंद नाही केलं?"
बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी शहरातून पाहुणी आलेय.
"आणि पावसाचं पाणी गं?
ते कुठून जाणार होतं?"

खोलीवर परतले तर एक नवीन माणूस.
दोन हजार सातशे एक.
नाव नाही, फोटो नाही, एकच ओळ:
इथं खरं लिहिलं तर चालतं का?

खाली दोन बटणं.
मंजूर की नामंजूर,
यंत्र मलाच विचारतं आहे.