काचेची पट्टी

माझं काम साधं.
भेगेवर काचेची पट्टी आडवी धरायची,
दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा,
पेन्सिलीने तारीख.
खाली यंत्र सरकेल, माती किंचित बसेल,
भिंत हललीच तर काच तडकेल.
माणसाच्या आधी काचेला कळतं.

बुखारेस्टच्या पश्चिमेला, नव्या भुयारी लाइनच्या डोक्यावर
माझ्या वाट्याला एकशे बारा घरं आली.
त्यातलं चौथ्या मजल्यावरचं वेतुरियाबाईंचं.
इमारतीच्या दाराशी लाल ठिपका:
मोठ्या भूकंपात ही टिकणार नाही, असं सरकारी भाकीत.
लिफ्ट बंद. बाई ऐंशीच्या पुढच्या.
खाली उतरणं त्यांनी केव्हाच सोडलेलं.

"आला का भिंतींचा डॉक्टर," म्हणायच्या
आणि बशीत चमचाभर आंबट चेरीचा मुरंबा,
शेजारी गार पाण्याचा ग्लास.
पाण्याशिवाय मुरंबा द्यायची आमच्यात रीत नाही.
मी भिंतीला कान लावला की हसायच्या.
"पूर्वी भिंतींनाच कान होते."
आमच्याकडे ती म्हण नव्हती,
खातं होतं.

लाइन वसंतात सुरू होणार होती,
मग पुढच्या वसंतात, मग निवडणुकीनंतर.
पैसे संपले, कंत्राटदार भांडले,
यंत्र चिखलात तोंड खुपसून महिनोन् महिने बसून राहिलं.
बाजारातल्या खड्ड्याभोवतीच्या पत्र्यांवर वेल चढले,
दप्तरं घेऊन गेलेली पोरं
मिसरूड फुटून परत आली.
काच शाबूत.

एका हिवाळ्यात ओल बघायला कपाट सरकवलं.
मागे त्याच भेगेवर, हातभर खाली,
दुसरी पट्टी.
पिवळं पडलेलं प्लास्टर, बारीक अक्षर: मार्च सत्त्याहत्तर.
काचेचे दोन तुकडे.

"पानाइतने लावलेली.
त्या रात्री भूकंपात भेग पडली,
आणि आठवड्याभरात त्याला पहिल्या लाइनच्या खड्ड्यात पाठवलं.
सलग दोन-दोन पाळ्या. बुटातला चिखल मी चमच्याने काढायची.
म्हणायचा, एक दिवस आपल्या घराखालून गाडी जाईल,
तू दार उघडेपर्यंत मी वर."
आणि तडकली कधी?
बशी पुसत राहिल्या.
"नव्वदच्या मे महिन्यात.
तेव्हा बघायला तो नव्हता."

जुन्या भेगेला भरपाई नाही.
मी अहवालात नुसती ओल लिहिली
आणि कपाट जागेवर लोटलं.

उद्घाटनाचा पास होता मला, मधल्या रांगेतला.
मी चार मजले चढलो.
पहिली गाडी गेली तेव्हा आवाज असा आलाच नाही,
ग्लासातल्या पाण्यावर एक वर्तुळ उठलं
आणि काठाशी जाऊन विरलं.
बाईंनी तळहात भिंतीवर टेकला,
उंबऱ्यात उभ्या माणसाला म्हणावं तशा म्हणाल्या,
"फार उशीर केलास."

माझी पट्टी अखंड होती.
काढून न्यायची होती, यादीत खूण करायची होती.
बाईंनी पेन्सिल मागितली,
थरथरत्या हाताने आजची तारीख घातली तिच्यावर,
मग चष्मा पुसत विचारलं,
"तिकीट केवढ्याला आहे रे?"