चालशे

मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझी खोली
बारा महिने वीस अंशांवर असते.
बाहेर मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवतं,
आत मी स्वेटर घालून मापं तपासतो.
मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल,
सगळ्या खात्यांतली उपकरणं वर्षातून एकदा
माझ्याकडे खरं बोलायला येतात.

जबडे मिटले तरी काहींचं शून्य येत नाही.
दोन शतांश जास्त.
एवढंसंच, पण ते प्रत्येक मापात मिसळत राहतं
आणि मोजणाऱ्याला वाटतं, वस्तूच तशी आहे.
मी लेबल चिकटवतो: इतकं वजा करा.
लेबलावर पेनने लिहितो.
अहवालावर मात्र पेन्सिलीने,
साहेबांना काही बदलायचं असलं तर.

माझा एक शब्द आहे.
दांडिया बाजारात, घरी, तो 'चालेल' असतो,
बसने लालबागचा पूल ओलांडला की 'चालशे' होतो.
रविवारी या, मोहितेभाई. चालशे.
अहवाल तुमचाच, पण मांडू दे दर्शिलला,
त्याला बोलता येतं. चालशे.

दर्शिलला व्हर्निअर वाचायला मीच शिकवलं.
रेघा मोजताना तो जीभ बाहेर काढायचा.
आता माझी रजा तो मंजूर करतो.
चांगला मुलगा आहे, लगेच करतो.

मीटिंगमध्ये माझी खुर्ची दाराजवळची.
एसी सोसत नाही, असं मी सांगतो,
वीस अंशांत एकोणीस वर्षं काढलेला माणूस,
आणि कुणी हसतही नाही.

एकदा अख्ख्या लॉटची भोकं मोठी निघाली.
मला आठवडाभर आधी कळलं होतं.
वहीच्या समासात लिहिलंही होतं,
इतकं बारीक
की नंतर चष्मा पुसून मलाच शोधावं लागलं.
मंजिरी म्हणाली,
कुणी अन्याय तरी केला असता तुमच्यावर,
म्हणजे भांडता आलं असतं.

जूनमध्ये कृपाली आली. तेवीस वर्षांची.
तिने तीन आठवडे खपून गेजांचा अभ्यास केला,
आकडे असे की मी दोनदा तपासले, निव्वळ आनंदासाठी.
काल मीटिंगला ती माझ्याआधी पोचली
आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली.
हातात पेन्सिल, माझ्याच डब्यातली.
साहेब म्हणाले, छान केलंयस,
पण दर्शिल सांगेल, हं?
तिचे ओठ उघडायच्या आधीच
मला शब्द ऐकू आला.

'ना,' मी म्हणालो.
आवाज जरा फाटला.
सगळ्यांनी आधी दर्शिलकडे पाहिलं, मग खिडकीकडे,
शेवटी माझ्याकडे. मी उभाच होतो,
माझी खुर्ची गेली होती ना.
तिचं काम आहे, ती सांगेल.

ती बोलली. सुरुवातीला अडखळली,
मग आकड्यांनी तिला हात दिला.

साहेबांनी फाईल मिटली.
बरं, म्हणाले, मग मोहितेभाई,
या रविवारी तुम्ही येऊन हिच्यासोबत
उरलेलं उरकून टाका.

मी तोंड उघडलं.
समोर कृपाली माझ्याकडे बघत होती,
लेबल चिकटवायच्या आधी
मी काट्याकडे बघतो, तशी.