सहावं बोट

चोपड्याच्या शाळेत, बाजाराच्या दिवशी,
दोनशे चौदा चित्रं बाकांवर मांडलेली.
पंख्यानं उडू नयेत म्हणून
कुणावर गोटा, कुणावर डस्टर, कुणावर तंबाखूची डबी.
विषय : आमचा बाजार.
परीक्षक तिघं. नेहेते सर, भंगाळे मॅडम
आणि मी.
मला बोलावलं कारण तिसरा लागतो.

पहिली वीस चित्रं आम्ही देवासारखी पाहिली,
मान तिरकी करून, मागे सरकून.
पन्नासाच्या पुढे तराजू दिसला की पाच,
तराजू आणि म्हैस असली की सहा,
वांगी नीट जांभळी असली की साडेसहा.
चहा आणणारा पोरगा दारातून म्हणाला,
"थंडा व्हई जाई, सर."
चहानंतरच्या दहा-अकरा पोरांना
दोन-दोन गुण जास्त गेले असावेत.
तेव्हा कुणी मोजलं नाही.

मग एकशे सतरा नंबर.
त्यात चेहरा एकही नव्हता.
मिरच्यांचा ढीग, आणि त्याच्या पलीकडे नुसते पाय :
धोतराचे काठ, सायकलचं अर्धं चाक,
भेगाळलेल्या टाचा, जोडवी,
एक कुत्रं मात्र अख्खं.
ताडपत्रीखाली आईच्या मागे बसलेल्या पोराला
बाजार दिसतो तेवढाच.
उजव्या कोपऱ्यात एक अनवाणी पाऊल,
त्याला बोटं सहा.

नेहेते सर म्हणाले, "अपूर्ण आहे. डोकी कुठंयत?"
मॅडम म्हणाल्या, "कल्पना छान. पण बोटंसुद्धा मोजता येत नाहीत याला."
आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नजर माझ्या ओळखीची.
अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी पंच होतो,
धरणगावच्या रस्त्यावरून पोलिसांनी हाताला धरून नेलेला.
वर्षभरानं अमळनेरच्या कोर्टात विळा दाखवला. हाच का?
दुसरा पंच बाबूलाल शिंपी आधीच सांगून गेला होता, हाच.
विळे काय, सगळे सारखेच.
मुठीला सुतळी होती की तार,
मला आठवत नव्हतं,
आणि आठवत नाही असं म्हणता येतं
हेही ठाऊक नव्हतं.
मी म्हणालो, हाच.

म्हटल्यावर सुतळी आठवली.
अगदी स्वच्छ. तिचा तेलकट वाससुद्धा.
कारणं अशीच येतात,
निकालाच्या मागून, धापा टाकत,
शेवटची एसटी चुकलेल्या साक्षीदारांसारखी.
पिंजऱ्यातला माणूस रागावला नाही.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

"पाच," मी म्हणालो.
"माणसाला असतात तितके," मॅडम हसल्या.
मीही हसलो.
नेहेते सरांची यावलची बस साडेपाचची.
पहिला नंबर देवळाच्या चित्राला,
कळस, गर्दी, कोपऱ्यात हसरा सूर्य.
वाईट नव्हतं ते, खरंच.
एकशे सतराला उत्तेजनार्थही नाही.
लिफाफा. लाख. तीन सह्या.

बाहेर बाजार उठत होता.
चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी खाली बसलो
आणि माणसं गुडघ्यापाशी संपली.
चाक. काठ. कुत्रं.
मिरच्यांचं पोतं शिवणारी एक बाई,
तिचा पाय धुळीनं भरलेला.
एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.
"काय जोयजे, भाऊ?"

पावशेर मिरची घेतली, घरी होती तरी.
तिच्या मागे ताडपत्रीखाली कुणीतरी हललं.
मी वाकून पाहिलं नाही.

सहा होती. बहुतेक सहा.
शपथेवर विचारणार असाल
तर मला थोडा वेळ द्या,
आणि तोवर
दुसऱ्या कुणी हो म्हणू नका.