हजर

शिरोलीच्या फाउंड्रीचं हजेरीचं पान मी लिहिलं,
राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
प्रश्न एकच होता त्यात:
माणूस आला, का खाडा?
खरं किंवा खोटं.
तिसरं काही लिहायला जागाच ठेवली नव्हती.

दौलू लोहार, मोल्डिंगला,
सीपीआरमध्ये पडून होता नऊ दिवस
आणि माझ्या पानावर नऊ दिवस हजर.
हिरवा ठिपका, रोज सकाळी, आठाच्या भोंग्याला.

मालकांचा फोन आला: "ओ इंजिनेर,
तुमचं पान भुतं कामाला लावतंय व्हय?"

रात्री चूक शोधत बसलो.
(बसलोच. मी बाई आहे.
आमच्या कागलाकडं आई पण म्हणते, मी भाकरी करतो,
आणि कुणी हसत नाही.
पुण्याच्या क्लायंटसमोर मी बसते.)
बरोबरची दोन चिन्हं घातली तर यंत्र आमच्या आईसारखं,
आलो काय नि आले काय,
पोरगी दारात उभी आहे ना, घे आत.
तिसरं चिन्ह घाला,
की उंबऱ्यावरच अडवतं:
आधी जात सांग शब्दाची, मग किंमत.

दोन वाजून दहा मिनिटांनी सापडली.
सदलगे मामांनी खाडा चोख मांडला होता,
खोटं म्हणूनच.
वाटेत कुठंतरी त्या खोट्याला अवतरणचिन्हं लागली
आणि त्याची नुसती अक्षरं झाली, इंग्रजी, पाच.
मी विचारत होतो एवढंच: काही आहे का?
आहे की.

यंत्राला वाचता येत नाही.
ते पिशवीत हात घालून बघतं फक्त.
शून्य लागलं, खोटं.
कोरी चिठ्ठी लागली, खोटं.
पण चिठ्ठीवर "खोटं" असं लिहिलेलं असलं
की चिठ्ठी खरी.
आणि गुळाची रिकामी पेटीही खरी,
गूळ नसला तरी पेटी आहे,
मार्केट यार्डातला हमालही हेच म्हणेल.

आधी दोन उद्गारचिन्हं लावून बघितली.
आपल्यात ते शेवटी येतं, नवल वाटल्यावर.
इथं ते आधीच येऊन उभं राहतं आणि नाही म्हणतं.
दोन लावली की नको नको, म्हणजे वाढा,
पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं केल्यावर
पाहुणा म्हणतो तसं.
दौलू हजरच राहिला.

मग तीन चिन्हं घालून सरळ विचारलं,
तू खरं हेच अक्षर आहेस का? तेच? दुसरं काही नाही?
ठिपके विझले. नऊच्या नऊ.
आणि खाली, जिकडं माझं लक्षच नव्हतं,
बेरजेतले सहा हजार तीनशे गेले.

शुक्रवार होता. पगार शनिवारी.
सकाळी मालकांनी विचारलं, झालं का?
मी म्हणालो, हुतंय की.
(हे खरं का खोटं, ते तुम्ही सांगा.)

सोमवारी तो स्वतःच आला जिना चढून.
उजव्या हाताला बँडेज, डाव्यात दवाखान्याच्या कागदांची
खालनं काढून आणलेली, अजून गरम झेरॉक्स.
"ताई, विम्याचा साहेब म्हणतोय,
तुम्ही तर कामावर होता.
मी नव्हतो, असं लिहून पायजे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितला
खाडा मागायला आलेला माणूस.

त्याच्यासमोरच दुरुस्ती चढवली.
तो डाव्या हाताच्या बोटांवर मोजत राहिला,
पाच झाले, पुन्हा अंगठ्यापासून.
प्रिंट काढून दिली.
शनिवारच्या पैशांचं मी काही विचारलं नाही.
त्यानंही नाही.

कागद घडी करून खिशात घातला,
दारापाशी चपला पायांनीच चाचपल्या,
"येतो," म्हणाला,
आणि गेला.