पहिले हाईच व्हतं

पैलाडचं पार्सल असलं की
बोरीच्या पुलावरूनच फोन लावतो हिलाल आप्पांना.
पत्ता कुणाचाही असो,
खोकं त्यांच्याच ओट्यावर उघडतं.
कटर त्यांच्या हातात,
मोबाइल कोकिळाबाईंच्या नातवाच्या.
"शूटिंग थांबाडू नको रे भो,
टेप कापली तठून तळ दिसेपर्यंत."

वीस वर्षं हवाई दलात इंजिन फिटर होते आप्पा.
उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारायची,
झाकणं मोजायची, हात फिरवायचा,
आणि धावपट्टीवरचा खडासुद्धा वेचायचा,
कारण जेट समोर येईल ते गिळतं.
"सेल लागला का माणूस बी तसाच," म्हणतात.

म्हणून आमच्या पैलाडला
पाच तारेवाल्यांची स्तुती कुणी वाचत नाही.
एक तारेवाल्यांची रडगाणी आधी.
विक्रेत्याचा पत्ता नसला की आप्पा मान हलवतात:
शेपटावर नंबर नाही, ते आपलं विमान नाही.
रत्नप्रभाची अर्ध्या किमतीची पिठाची गिरणी
अशीच हवेत राहिली.
तिनं महिनाभर अबोला धरला,
मग शिरपूरच्या बहिणीला तशीच गिरणी आली,
म्हणजे गिरणीचा फोटो आला,
जाड पुठ्ठ्यावर, रंगीत.
अबोला सुटला.

मे महिन्यात रात्री वीज जाते.
खाटा बाहेर येतात, आणि आप्पांचं जेट सुरू होतं.
सुरुवातीची इंजिनं म्हणे
वीस-पंचवीस तासांत म्हातारी व्हायची.
धातू वितळेल अशी आग, आणि तिच्यात धातूचंच पातं.
मग कुणाला तरी सुचलं,
पात्याला बारीक भोकं पाडू,
त्याच्या पोटातूनच वारा खेळवू.
"शेहेचाळीस डिग्रीत आपन नही का ऱ्हातस?"
अंधारातून कोकिळाबाई.
आप्पा हसत नाहीत. खरंच विचार करतात.
मग सांगतात की आताच्या इंजिनाला
पुढे भलामोठा पंखा असतो,
आणि त्याचा बहुतेक वारा आगीकडे जातच नाही,
बाजूनं निघून जातो.
तोच जास्त ढकलतो विमानाला.
सगळंच आत घ्यायचं नसतं.
हे ते विमानाबद्दल बोलले की सेलबद्दल,
मला कळलं नाही. वीज आली, सगळे आत गेले.

आषाढ लागायच्या आधी एक खोकं आलं
खुद्द आप्पांच्या नावाचं.
पैसे आधीच भरलेले.
कंपनीचं नाव मी तीन वर्षांत कधी वाचलेलं नाही.
उचललं तर रिकाम्या डब्यासारखं हलकं.
त्या दिवशी त्यांनी नातवाला हाक मारली नाही.
दार लोटून घेतलं.
मी उंबऱ्याशी उगाच पावत्या चाळत राहिलो.

मागवलं होतं मिग.
तेच, ज्याच्या पोटात हात घालून
त्यांची बोटं काळी झाली होती.
रात्री दोन वाजता दिसलं,
नव्वद टक्के सूट, उरली फक्त दोन,
आणि उलटं पळणारं घड्याळ.
आलं ते पिवळं प्लास्टिक,
नाकावर पंखा, दोन पाती,
एक चाक पिशवीत वेगळं.

"आप्पा, परत टाकू? सात दिवस आहेत."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मी रागाची वाट पाहत होतो.
ते चाक बसवत होते.
नखानं, सावकाश,
कुणी सही मागणार असल्यासारखं.

"चूक मन्ही शे. चेकलिस्ट मीच वाची नही.
कोणले सांगू नको."
कुणाला सांगितलं नाही.
पण पुढल्या वेळी गेलो तर
ते विमान कूलरच्या तोंडापुढे, स्टुलावर, उघड्यावर.
ओल्या वाळ्यातून वारा येत होता
आणि नाकावरचा पंखा फिरत होता, गरगर,
चारदोन पोरं वाकून बघत होती.
रत्नप्रभा विचारत होती, "आप्पा, जेट व्हतं ना?"

"पहिले हाईच व्हतं," आप्पा म्हणाले,
आणि माझ्याकडे न बघता
ओटीपी सांगायला लागले.