शेरा

जाहिरात मीच लिहिली.
सल्लागार नेमणे आहे. कामाचे दिवस बावीस.
बालविकास प्रकल्पाच्या प्रगतीचे त्रयस्थ मूल्यमापन.
'त्रयस्थ'पाशी जरा थांबले,
पण कुलरमधलं पाणी संपलं होतं, उठावं लागलं.

बजाजनगरच्या ऑफिसात सतरा अर्ज आले.
एकात आमच्या प्रकल्पाच्या नावापुढे
भलत्याच जिल्ह्याचं नाव तसंच राहिलेलं.
एकाचा दर वाचून हिशेबनीस आत्राम
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
शेवटी देवस्थळी बाई ठरल्या, पुण्याच्या.
करारावर तीस टक्के, मसुद्यावर चाळीस,
उरलेले अहवाल समाधानकारक वाटल्यावर.
कोणाला वाटल्यावर, ते लिहायचं राहिलं.

एप्रिलात आम्ही दोघी पिवळी नदीपलीकडे
टिनाच्या अंगणवाडीत गेलो.
चपला काढायच्या आधीच आतून
नमस्ते बाई, एका सुरात.
उज्ज्वला गजभिये, सेविका, एकोणीस वर्षं मानधनावर.
तिनं रात्रीतून फळांचा तक्ता नवा रंगवला होता;
संत्रं अजून बोटाला लागत होतं.
"चाळीसच्या चाळीस आले जी आज," ती म्हणाली,
मग माझ्याकडे न बघता,
"घरोघरी जाऊन आणले."

बाई चटईवर बसल्या. गुडघा वाजला.
पिशवीतून सहा लाकडी ठोकळे निघाले.
निर्देशांक क्रमांक चौदा:
बालक सहा ठोकळ्यांचा मनोरा रचते. हो / नाही.
हाही माझाच. म्हणजे कुठूनतरी उचललेला.

त्रिशरण, वय तीन वर्षं सात महिने,
आधी ठोकळे हुंगून पाहिले त्यानं.
मग चार उभे केले, मधे जागा सोडून, दोन वर आडवे,
कोपऱ्यातून स्टीलचा गिलास आणला
आणि लागला पाणी ओतायला,
तोंडानं घर्र घर्र करत.
बाईंची वही भिजली.
"मनोरा कर ना बाळा," मी म्हणाले,
परीक्षेच्या हॉलमधून फिरणारा आवाज काढून.
"अवो, कुलर हाय ना हा!" तो वैतागला.
"बसा ना इकडे. हवा येऊन रायली."

बाई सरकल्या. ठोकळ्यांसमोर बसल्या,
ओढणी सैल केली, डोळे मिटले.
खिचडी ढवळणाऱ्या सुमित्राताईचा हात थांबला.
वर टिन तडतडत होतं.
"आली," बाई म्हणाल्या.
मग काय, रांगच लागली.
कोणी धाकट्या भावाला काखेत धरून आणलं,
कोणी घामेजलेली मान पुढे केली,
आणि त्रिशरण सगळ्यांना ओरडत होता,
"ढकलू नका बे, पुरते सायांले."

अहवाल जुलैत आला, कुलर माळ्यावर गेल्यावर.
एकशे बारा पानं, आलेख रंगीत.
परिशिष्टात, चौऱ्याण्णवाव्या पानावर,
त्रिशरणपुढे, क्रमांक चौदा: नाही.
नियमानं बरोबरच होतं ते.
शेजारी शेऱ्याचा रकाना,
जो मी अर्धा इंच ठेवला होता,
त्यात दाटीवाटीनं दोन शब्द: हवा आली.

संचालक म्हणाले, टायपिंगची चूक दिसते, काढून टाका.
आत्राम चेकबुक उघडून वाट बघत होते.
मी निर्देशांकांची यादी पुन्हा वाचली, पहिल्यापासून.
वजन होतं, उंची होती, रंगांची ओळख होती.
टिनाखालचं ऊन कुठंच नव्हतं.
ते विचारायचं मलाच सुचलं नव्हतं,
आणि जे विचारलं नाही त्याची शिफारस कशी येणार?

संध्याकाळी उज्ज्वलाचा फोन.
"म्याडम, पास झालो का जी आम्ही?"
झालात, म्हणाले. आणखी काही बोलायला हवं होतं.
तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग ठेवला.

समाधानकारक. खाली सही केली, तारीख घातली.
ते दोन शब्द काढले नाहीत.
शेऱ्याचा रकाना तेवढा रुंद केला.
तर बाकीचे रकाने आकसले, ओळी खाली उतरल्या,
आणि चौऱ्याण्णवपासून पुढच्या सगळ्या पानांना
नव्यानं आकडे घालावे लागले.