मायक्रॉन

कीवास्सोच्या गॅरेजमध्ये सकाळचं धुकं
शटरखालून सरपटत आत येतं,
थिनरच्या वासाला बिलगून विरतं.
मधोमध ती उभी, एकसष्ट सालची, दोन दारांची,
रंग निळा,
म्हणजे पूर्वी निळा, आता बराचसा राखाडी.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे.
"इव्हानो, पार खरवडून टाक, पत्र्यापर्यंत.
सात हात मार. आरसा झाली पाहिजे.
मे महिन्यात लिलाव आहे."
सिन्योरा देल्फिना काही बोलत नाही.
पर्स पोटाशी धरून स्टुलावर बसली आहे,
दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी.

मी तीस वर्षं रंग मारतो.
काढला त्याहून जास्त.
आठशेचा पेपर, पाणी आणि मनगट,
एका दुपारीत कुणाचे चाळीस उन्हाळे
बादलीत गढूळ होऊन उतरतात.
ती बादली मी कधी निरखून पाहिली नाही.
ओतायची, नळाखाली धरायची, की दुसरी गाडी.

आधी मोजून घेतो, म्हटलं.
यंत्र काड्यापेटीएवढं. टेकवलं की टिक.
छत, एकशे दहा.
डिकी, एकशे चार.
ड्रायव्हरच्या दाराची वरची कड, बारा.
इथे चेल्सोचं कोपर असायचं,
बाही दुमडलेलं, खिडकीबाहेर.
त्या जागी हात फिरवला तर
चमच्याची पाठ लागते हाताला.
"हे पहिलं बुजव," भाचा म्हणाला.
पर्सची कडी उघडली, मिटली.

मग डावं मडगार्ड.
तीनशे चाळीस.
पुसून पुन्हा टेकवलं. तीनशे साठ.
खाली लांबी, लांबीवर अस्तर,
त्यावर आणखी एक निळा, जवळजवळ तोच.
हात कुणाचा होता कोण जाणे, पण हात होता.
साठ वर्षं झाकली मूठ.

"सिन्योरा, गाडी कधी ठोकली होती?"
"कधीच नाही."
बाहेर ट्रक गेला. काच थरथरली.
"सदुसष्टचा नोव्हेंबर," ती म्हणाली.
"जेनोव्हाला गेला, नऊ दिवस आला नाही.
घाटात बर्फ आहे म्हणाला.
बर्फ नव्हता. मी पेपर वाचायचे."
जरा थांबून,
"मला वाटलं, बाई असेल."

भाच्यानं मोबाइल खिशात ठेवला.
ती उठली, मडगार्डावर तळवा ठेवला,
ताप बघावा तसा.
"एवढ्यासाठी? वेड्या, एवढ्यासाठी?"
मी काही बोललो नाही.
बाई नव्हतीच, असं यंत्र सांगत नाही.
ते फक्त जाडी सांगतं.

"म्हणजे ओरिजिनल नाहीच!" भाच्याचा चेहरा उजळला.
"मग जपायचं काय?"
खोटं नव्हतं त्याचं.
दाराखालची पट्टी गंजतेय, दहा वर्षांत तिचा चुरा होईल.
आणि खरं सांगायचं तर माझे हात शिवशिवत होते.
तो निळा मी मनात केव्हाच कालवला होता,
त्यात पांढरा किती, काळ्याचा एक थेंब किती.

तिनं डिकी उघडायला लावली.
स्टेपनी काढली. तिच्याखाली
ताटाएवढा गोल, उन्हानं न पाहिलेला,
एकसष्टचा निळा, जसाच्या तसा.
बघत राहिली. मग म्हणाली,
"हा मला आवडला नव्हता.
त्यानं हट्टानं घेतला. लाव परत ते चाक."

बिल झालं धुलाईचं. पस्तीस युरो.
गंजलेल्या पट्टीला तेल मी फुकट चोळलं.
भाचा चालवायला बसला तर म्हणाली, "कोपर आत."

रात्री घरी आलो. जेवण गार झालं होतं.
खिशात यंत्र होतं अजून.
स्वयंपाकघराचं दार माझ्या आईपासून
चार वेळा रंगवलंय, पाच असेल.
टेकवलं.
टिक झालं नाही.
लाकडावर ते चालत नाही.